घोडीच्या खडकापाशी लाल शीड

आमच्या बेटावर माणूस ओळखायचा तो चेहऱ्यावरून नव्हे, शिडावरून. चेहरा काय, धुक्यात सगळ्यांचा सारखाच. पण शीड दिसलं की धक्क्यावरची बाई लांबूनच सांगायची, ते पिवळट अमक्याचं, ते काळपट तमक्याचं, आणि वरच्या कोपऱ्यात ठिगळ आहे ना, तो माझा. चला, चूल पेटवायला हवी. शिडाचं कापड कोरं ठेवलं तर लवकर कुजतं. म्हणून ओकची साल आणि कात घालून ते उकळायचं, आणि त्यात ज्याने त्याने आपापलं काहीबाही मिसळायचं. ती उकळायची भट्टी पोर्झदूच्या खाडीवर कातेलकडे होती, बापाकडून आलेली.

कातेल उंच, हाडापेराने मोठी, आणि तोंडाने त्याहून मोठी. हात कोपरापर्यंत लालभडक. साबणाने, राखेने, कशानेही न निघणारे. तिच्या लग्नात पाद्रीबाबा अंगठी घालायच्या वेळी दचकलेच. "अगं, हात तरी धुऊन यायचं!" म्हणाले. "धुतलेतच, बाबा. हे असेच मिळतात," कातेल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, आणि सगळं चर्च हसलं. सर्वांत जास्त हसला नवरदेव.

हा नवरदेव गुलवेन. शेवंडं पकडायचा. बुटका, कमी बोलणारा, पण नावेत एकटा असला की भसाड्या आवाजात गायचा. शेवंडं कंटाळून आपणहून पिंजऱ्यात शिरतात, असं कातेल म्हणायची. जीव होता तिचा त्याच्यावर. लग्नाच्या वर्षी तिने त्याच्या शिडासाठी एक रंग केला. चर्चच्या मागच्या कड्यावर एका फटीत लाल काव निघते, तिथे दोर बांधून उतरावं लागतं. ती माती आणली, जवसाच्या तेलात खलली, कात चढवून झाल्यावर शीड पुन्हा एकदा त्यात बुडवलं. काय रंग आला म्हणता! चुलीतल्या निखाऱ्यासारखा. लोक मागे लागले, आमच्याही शिडाला घाल ना ती माती. कातेल म्हणायची, "घालते की. बायकोला सांगा कड्यावरून लोंबकळायला." कुणाची बायको लोंबकळली नाही. त्यामुळे इथपासून मुख्य भूमीपर्यंत त्या लाल रंगाचं शीड एकच. त्याला सगळे कातेलचा लाल म्हणत.

गुलवेनची आई बार्बा त्यांच्यातच राहायची. तिच्या डोळ्यांवर पडदे आलेले, त्यामुळे उजेड-अंधार एवढंच कळायचं. मुलगा घरी आला की ती त्याचे मोजे चाचपायची. ओले असले तर आधी त्याला शिव्या, मग सुनेला.

त्या साली उन्हाळ्याचे पाहुणे परत गेल्यावर एक जण मागे राहिला. मस्य ब्रेसाँ, पॅरिसचा चित्रकार. मस्य म्हणजे त्यांच्याकडचं साहेब. भट्टीच्या वरचा माळा त्याने भाड्याने घेतला. माणूस वाईट नव्हता हो. दाढीत रंग, बुटात वाळू, वाऱ्याने छत्री उडू नये म्हणून तिला दगड बांधून दिवसभर किनाऱ्यावर बसलेला. आमची माणसं येता-जाता टोमणे मारायची. "मस्य, काय काढताय?" "समुद्र." "समोर आहे की! आणखी एक कशाला?"

तो छोट्या छोट्या लाकडी फळ्यांवर काढायचा, सिगारच्या डब्याच्या झाकणाएवढ्या. उजेड पळून जातो म्हणायचा, मोठं चित्र घेऊन बसलो तर हातात काही लागत नाही. कातेलला त्याची भाषा चांगली येत होती. तरुणपणी ती मुख्य भूमीवर सार्डिनच्या कारखान्यात होती ना. ती हातातली काठी भट्टीत ढवळता ढवळता त्याच्या फळीकडे बघायची आणि म्हणायची, "मस्य, तुम्ही नीट ढवळत का नाही? जांभळा इकडे, हिरवा तिकडे, सगळा रंग फाटलाय."

"लांबून बघा बाई, आपोआप मिसळतो."

"असं शीड मी दिलं तर लोक मला मारतील."

"पण धंदा एकच ना आपला?"

"एकच कसा? माझा रंग वादळात टिकतो. तुमचा भिंतीवर टिकतो."

तो हसायचा. त्याला तिचं बोलणं आवडायचं, आणि गुलवेनला तो आवडायचा, कारण तो गाणं न थांबवता ऐकायचा.

सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी हवा फिरायची चिन्हं दिसायला लागली. गुलवेनचे पिंजरे पश्चिमेच्या खडकांत होते. वादळाने ते नेले असते. तो म्हणाला, "उचलून आणतो. ढेकळांखाली मटण ठेव, जेवायला आलोच." कातेलने भांडं ठेवलं, वर गवताची ढेकळं रचली, पेटवली. अशी शिजलेली मेंढी सणालाच होते आमच्यात. तो गाणं म्हणत गेला. लाल शीड घोडीच्या खडकाला वळसा घालून दिसेनासं झालं. घोडी म्हणजे आमच्या खाडीच्या तोंडावरचा खडक, भरतीला नुसतं डोकं दिसतं, ओहोटीला चारही पाय.

आणि मग वादळ आलं. ते कसं होतं ते सांगत नाही. ज्याच्या घरचं कुणी बाहेर असतं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याचं नसतं त्याला सांगून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा पडला. पश्चिमेला ढगांखाली एक पिवळी चीर उघडली, पाणी निवळून जांभळं झालं, आणि किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग थेट भट्टीच्या दारापर्यंत येऊन पडले. कातेल तिथे नव्हती. ती आणि सगळं गाव पश्चिमेच्या कड्यावर उभं होतं, पिंजऱ्यांच्या बाजूला. पोर्झदूच्या खाडीत चिटपाखरू नव्हतं. फक्त मस्य ब्रेसाँ भट्टीच्या दारात खोक्यावर बसून घाईघाईने रंगवत होता. लोक त्याला नंतर फार बोलले त्यावरून. पण तसं आभाळ आयुष्यात एकदाच मिळतं, आणि कड्यावर उभं राहून त्याला काय दिसणार होतं? त्याला शीड ओळखताही येत नव्हतं.

नाव आली नाही. पिंजऱ्यांचे काही बुचाचे तरंगे वाहून आले, बाकी समुद्राने काही परत दिलं नाही. ढेकळांखालचं मटण कोळसा होईपर्यंत कातेलने आग विझू दिली नाही.

समुद्र माणूस परत देत नाही तेव्हा आमच्यात मेणाचा क्रूस करतात. बोटाएवढा. मेणबत्त्यांच्या सणाला पवित्र करून आणलेली जी मेणबत्ती घरात असते, तिच्या मेणाचा. पांढऱ्या कापडावर टेबलावर ठेवतात, शेजारपाजार जमतं, प्रार्थना होतात, आणि सकाळी त्या क्रूसालाच खांदा दिल्यासारखं चर्चमध्ये नेतात. तोवर तो माणूस लाटांमध्ये काकडत फिरतो म्हणतात. आणि हे घरच्या बाईने ठरवायचं नसतं. मेलेल्याच्या धर्मबापाने दिवस मावळताना तिच्या दारी यायचं आणि म्हणायचं, "पोरी, आज तुझा माणूस घरी आणायचाय." तो हे बोलला की बाई विधवा झाली. तोपर्यंत नाही.

गुलवेनचा धर्मबाप लोम काका. जन्मभर मोठ्या जहाजांना खडकांतून वाट दाखवलेला माणूस. वाट बघून बघून शेवटी काकांनी काळा कोट चढवला आणि ते निघाले.

नेमका त्याच दिवशी सकाळी मस्य ब्रेसाँ टपालाच्या बोटीने परत गेला होता. जाताना त्याने कातेलच्या हातात एक फळी ठेवली. "तुमच्या खाडीचं आहे," एवढंच म्हणाला आणि निघाला. कातेलने ती न बघताच टेबलावर टाकली. दुपारी कधीतरी तिची नजर गेली. जवळून नुसते रंगाचे फराटे. तिला त्याचं बोलणं आठवलं, म्हणून फळी भिंतीला टेकवून ती दारापर्यंत मागे गेली. आणि फराट्यांची खाडी झाली. जांभळं पाणी, पिवळी चीर, पुढे शेवाळाचे काळे ढीग. आणि घोडीच्या खडकापाशी, नखाएवढं, लाल शीड.

लोम काका दारात आले. टोपी काढली, घसा साफ केला. "पोरी, आज..."

"काका, थांबा!" कातेल ओरडलीच. "पुढे एक अक्षर बोलू नका. आधी हे बघा."

काकांनी फळी खिडकीशी नेली. जवळ धरली, लांब धरली. डोळे बारीक केले. जहाजाच्या टोकावर उभं राहून समुद्र वाचणारा तो माणूस, त्याने ते चित्र वाचायला घेतलं.

"घोडीचे पाय दिसताहेत. म्हणजे ओहोटी, निम्मी झालेली," काका म्हणाले. "शेवाळ दारापर्यंत आलेलं आहे. म्हणजे वादळानंतरचं. ही पिवळी चीर मी त्या संध्याकाळी कड्यावरून पाहिली, तीच ही. काही शंका नाही."

"आणि शीड, काका?"

काकांनी त्या लाल ठिपक्याशी नाक नेलं. मग म्हणाले, "शीड तुझंच गं."

त्यांनी टोपी घातली, वाक्य तसंच गिळलं, आणि घरी जाऊन काळा कोट पेटीत ठेवला.

झालं! अंधार पडायच्या आत सगळं पोर्झदू तिच्या घरात. बाया, बापे, धापा टाकत आलेले पाद्रीबाबासुद्धा. जो तो त्या फळीवर वाकायचा आणि आपल्याला कळतं ते सांगायचा. एक म्हणाला, शीड उजवीकडे झुकलंय, म्हणजे आत येत नाही, बाहेर चाललाय. दुसरा म्हणाला, घराच्या तोंडाशी येऊन बाहेर कोण जाईल, सुकाणू तुटलं असणार, ओहोटीने ओढत नेला. तिसऱ्याने सांगितलं, बाहेर मोठ्या जहाजांची वाट आहे, एखाद्याने उचलला असेल, ती काय थांबतात का वाटेत, थेट चिलीला. मग कुणाचा तरी आजोबा निघाला, जो असाच उचलला गेला होता आणि दाढी पोटापर्यंत वाढवून परत आला होता. हे सगळं खोट्या आशेने बोलणारे लोक नव्हते. वारा, पाणी, शीड यांत जन्म गेलेले लोक होते. नखाएवढ्या शिडावरून त्यांनी प्रत्यक्षात शंभर नावा ओळखल्या होत्या, आणि एकदाही चुकले नव्हते.

आणि जिवंत माणसाचा मेणाचा क्रूस केला तर? असं कुणी करायला धजत नाही आमच्यात. मेण वितळतं तसा तो असेल तिथे खंगून जातो.

एकटी बार्बा कोपऱ्यात बसून होती. कुणीतरी फळी तिच्यासमोर धरली. "घ्या ती बाजूला," ती म्हणाली. "आंधळीला काय चित्रं दाखवता? माझा पोरगा गेलाय. मला पोटात कळलंय."

"आई, अहो सगळ्यांना दिसतंय!"

"सगळ्यांनी जन्माला घातलाय का त्याला?"

त्या दिवसापासून एका घरात दोन घरं झाली. बार्बाने काळं नेसलं. कातेलने नेसलं नाही. चित्र चुलीच्या वर टांगलं, आणि रोज संध्याकाळी दिवा लावला की ती दारापर्यंत मागे जाऊन ते बघायची. मी तर म्हणते, इतक्या प्रेमाने चित्राकडे बघणारं दुसरं माणूस त्या चित्रकाराला पॅरिसमध्येही भेटलं नसेल. तिने भट्टी बंद केली नाही. उलट कड्यावर उतरून नवी काव आणली आणि एक नवं शीड रंगवून घडी घालून ठेवलं. जुनं फाटलं असणार एव्हाना, म्हणाली.

बार्बाने मोजे विणायला घेतले. आंधळ्या बोटांनी, लोकरीचे, जाड. जोडी झाली की चुलीशी ठेवायची. "थंडीने काकडतोय गं तो," म्हणायची. "लाटेत ऐकू येतो मला. दात वाजतात त्याचे. एक मेणबत्ती वितळवायला तुझे हात झडलेत का?"

"जिवंत नवऱ्याचं मेण करू? तुमच्या हट्टापायी त्याला मारून टाकू?"

"माझ्या हट्टापायी? त्याला बाहेर कुडकुडत ठेवलंयस ते कुणाच्या हट्टापायी?"

"आई, पुरे करा!"

"मी मेल्यावर कर मग पुरे."

असं रोज. आणि भांडून झालं की कातेल तिच्यासाठी काळ्या गव्हाची धिरडी दुधात भिजवायची, आणि बार्बा निमूट खायची. एकमेकींशिवाय होतं कोण त्यांना?

असा एक हिवाळा गेला, दुसराही गेला. चिलीहून काही आलं नाही. लोकांचं बोलणं हळूहळू पातळ झालं. धक्क्यावर कातेल आली की बाया पाणी कसं आहे, मासळी कशी आहे, यावर बोलायच्या. फक्त लोम काका भेटले की ती विचारायची, "काका, ओहोटी निम्मीच होती ना?" आणि काका म्हणायचे, "निम्मीच, पोरी." पण हल्ली ते तिच्याकडे न बघता म्हणायचे.

दुसऱ्या हिवाळ्यानंतर बार्बाने अंथरूण धरलं. जेवण सुटलं, पाय सुजले. पाद्रीबाबा मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावायला आले, तर म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "आधी माझ्या पोराला लावा," म्हणाली. "तो बाहेर आहे तोवर मी आत कशी जाऊ?" पाद्रीबाबांनी कातेलकडे पाहिलं. कातेल चित्राकडे बघत होती. तिने मान हलवली नाही. पण बाबा गेल्यावर ती भट्टीत जाऊन खूप रडली. म्हातारी अशीच गेली तर आपण काय तोंड दाखवणार? आणि क्रूस केला, आणि तिकडे तो कुठे तरी घरी यायची वाट शोधत असला तर?

अशात उन्हाळ्याच्या पहिल्या टपालाच्या बोटीने मस्य ब्रेसाँ परत आला. जरा जाडा झालेला, नव्या बुटांत. कातेल धक्क्यावरच होती. तिने त्याचं सामान उतरू दिलं नाही. हाताला धरून, त्या लाल हाताने, तिने त्याला तसाच घरी आणला आणि चित्राखाली उभा केला.

"अरे वा, अजून आहे हे!" तो खूश झाला. "हे चांगलं जमलंय. खरं सांगतो बाई, यापेक्षा चांगलं..."

"मस्य, एकच सांगा. तो कुठे चालला होता?"

"कोण?"

"गुलवेन. आत येत होता की बाहेर? तुम्ही बघितलात ना त्याला? गात होता का?"

आत खोलीत बार्बाचं कण्हणं थांबलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तिथे नाव नव्हती."

"हे काय मग?" कातेलने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे शीड नाही?"

"आहे... म्हणजे शीडच आहे. पण मी घातलं ते. सगळं जांभळं आणि हिरवं झालं होतं, चित्र नुसतं झोपलं होतं. तिथे एक लाल लागत होता. त्याच्याशिवाय पाणी उजळत नाही. आम्ही घालतो असं. कधी नाव, कधी बाईची छत्री..." बोलता बोलता त्याला कळत गेलं. "देवा! तुम्ही इतके दिवस..."

"पण रंग," कातेल म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, शिडाचा भाव करताना असतो तसा. "हा रंग दुसऱ्या कुणाचा नाही. तुम्ही त्याला पाहिल्याशिवाय हा रंग कसा आला?"

मस्य ब्रेसाँने तिच्या हातांकडे पाहिलं. "तुमच्याच हातांवरून घेतला, बाई. महिनाभर डोळ्यांसमोर होते."

तिने आपले हात उलटसुलट करून बघितले. मग ती खाली बसली, चुलीच्या कट्ट्यावर, मोज्यांच्या जोड्यांशेजारी. ओरडली नाही, रडली नाही. अशा वेळी बाई ओरडली तर बरं असतं.

"मी काहीही करायला तयार आहे," तो बिचारा म्हणत होता. "मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला आपली खाडी आवडेल."

"तो काढा," कातेल म्हणाली.

"काय?"

"ठिपका काढा. मला त्याला घरी आणायचाय."

"बाई, काढून काय उरेल? सगळं चित्र त्याच्यावर तोललंय."

"मीही," कातेल म्हणाली. "काढा."

त्याने पेटीतून रंगाची पातळ सुरी काढली. दोनदा फळी निसटली त्याच्या हातातून. रंग वाळून दगड झाला होता, पुसला जाईना, खरवडावा लागला. कातेलने खाली तळहात धरला होता. लाल कपच्या तिच्या लाल तळव्यावर पडल्या आणि दिसेनाशा झाल्या. चित्रात घोडीच्या खडकापाशी कोरं लाकूड उघडं पडलं. ती दारापर्यंत मागे गेली नाही. लांबून बघायचं आता काही राहिलं नव्हतं.

मूठ मिटून ती लोम काकांकडे गेली. काका अंगणात दोर वळत होते. तिने सगळं सांगितलं. काका ऐकत होते, दोर हातात तसाच.

"दाढीत रंग लावून हिंडणाऱ्या माणसाच्या फराट्यात मी ओहोटी वाचली!" ते शेवटी म्हणाले. "मी! आणि त्या म्हातारीला दोन हिवाळे... माझे डोळे फुटले होते का गं?"

"नाही काका. तुम्हाला तो दिसावा असं वाटत होतं. मलाही."

"त्याच्या बारशाला मीच धरला होता त्याला," काका म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

"संध्याकाळी या, काका. कोट घालून या. मी दार उघडं ठेवते."

दिवस मावळताना काका आले. काळा कोट, हातात टोपी. दार उघडंच होतं, तरी त्यांनी वाजवलं. कातेल समोर उभी राहिली. तिने काळं नेसलं होतं, बार्बाच्या पेटीतलं, तिला आखूड होत होतं.

"पोरी," काका म्हणाले, "आज तुझा माणूस घरी आणायचाय."

"आणा," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. काकांनी तिला धरलं. किती साठलं होतं हो! सुटलं ते थांबेना.

बाया आल्या, डोक्याला पांढरी टापशी बांधून. कुणी चित्राविषयी चकार शब्द काढला नाही. मस्य ब्रेसाँ बाहेर अंगणात टोपी हातात धरून उभा होता, आत यायचं धाडस होत नव्हतं, आणि परतही जात नव्हता. शेवटी लोम काकांनीच त्याला दंडाला धरून आत आणला आणि भिंतीशी बसवला. कातेलने मेणबत्तीचं मेण कोमट केलं, बोटाएवढा क्रूस वळला. मेण गार व्हायच्या आत मूठ उघडली, आणि त्या लाल कपच्या एक एक करून त्यात दाबल्या. असं कधी कुणी केलं नव्हतं. पाद्रीबाबांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

टेबलावर ठेवायच्या आधी ती क्रूस घेऊन बार्बापाशी गेली. "आई," तिने म्हातारीचा हात हातात घेतला. "गुलवेन आलाय."

बार्बाने क्रूस तळव्यावर घेतला. अंगठ्याने चाचपला, आईने बाळाचे नाक-डोळे चाचपावेत तसा.

"हे काय खरखरतंय?"

"माझा रंग आहे, आई. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे."

"बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "ओळखीचं वाटेल त्याला." तिने उशाखालून मोज्यांची एक जोडी काढली आणि सुनेच्या हातात दिली, शेजारी ठेवायला. मग पुन्हा तो क्रूस चाचपत राहिली. "जन्मला तेव्हा असा जड होता," ती म्हणाली, "दाई म्हणाली, बार्बा, हा काय दगड दिलास की पोरगा. दोन्ही हातांनी धरावा लागला तिला."

तळव्यावर बोटभर मेण, आणि तिचं मनगट खाली खाली जाऊ लागलं.

"घे गं कातेल," ती म्हणाली, "मला नाही पेलवत."